डोमाकाकांचा हलका हात

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. दोनदा ओठांपर्यंत आली होती — एकदा बायकोसमोर, एकदा शाहीर हिरामणभाऊंसमोर — आणि दोन्ही वेळा मी विषय बदलून चहा मागवला. आता तुमच्यासमोर बोलतोय. तुम्ही मला ओळखत नाही, डोमाकाकांना तर मुळीच नाही, म्हणून धीर येतोय की काय, कोण जाणे.

धीर — हा शब्दही जरा जास्तच झाला.

आधी मी काय करतो ते सांगतो. सानगडीच्या बाजारात खत-बियाण्यांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर माझी रेकॉर्डिंगची खोली. लोक स्टुडिओ म्हणतात, मीही म्हणतो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, खिडकी कायमची बंद, एक कॉम्प्युटर आणि मोजके माईक. भजनी मंडळं येतात, निवडणुकीत उमेदवारांची माणसं येतात, लग्नाची गाणी करणारे येतात. आणि दिवाळीच्या आधी खडीगंमतवाले येतात. खडीगंमत म्हणजे आमच्याकडच्या मंडईतला खेळ. शाहीर उभ्यानं गातो, मागे झिलकरी साथ धरतात, टाळ, तुणतुणं आणि ढोलकी. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणेरावळे येतात, आणि कोणत्या गावानं कोणती पार्टी बोलावली यावर त्या गावाची इभ्रत ठरते.

हिरामणभाऊंच्या पार्टीत डोमाकाका ढोलकीवर असत. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, तलावाच्या पाळीखाली थोडी धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. दिवसभर चिखलात आणि संध्याकाळी ढोलकीवर, असं त्यांचं आयुष्य गेलं. जोरात वाजवणारे पुष्कळ असतात हो. काका हळू वाजवायचे. शाहिराची शेवटची ओळ जवळ आली की ते ढोलकी खाली खाली नेत, इतकी खाली की नुसती बोटांची टोकं चामड्यावरून फिरताहेत असं वाटावं. मंडईतला गलका, पाळणेवाल्याचा भोंगा, सगळं आपोआप गप्प होई. बाया रडणाऱ्या पोरांच्या तोंडावर हात ठेवत. आणि मग एक थाप. एकच. करडीपासून कोंढ्यापर्यंतची माणसं त्या एका थापेसाठी हिरामणभाऊंच्या खेळाला येत, हे खुद्द हिरामणभाऊंनाही माहीत होतं. ते त्यांना फारसं आवडत नसे, ते जाऊ द्या.

आता कम्प्रेसर. आमच्याकडे हा शब्द काढला की लोकांना पंक्चरवाला आठवतो. माझ्या कॉम्प्युटरमधला कम्प्रेसर वेगळा, तो आवाजाचं वजन सारखं करतो. रोवणीच्या आधी चिखल केलेल्या बांधीत फळी फिरवतात ना — उंचवटा खाली बसतो, खळगा भरून निघतो — तेच काम. जोरात पडलेला ठोका दाबायचा, आणि मग सगळंच वर उचलायचं, म्हणजे हळू वाजलेलंही ऐकू येतं. बेतानं लावला तर ढोलकी गाण्यात छान बसते. मोबाईलवर ऐका, टेम्पोत ऐका, लग्नाच्या मांडवात ऐका, ठोका हरवत नाही. सगळे लावतात. लावण्यात काही पाप नाही. जास्त लावण्यातही नाही. ती चूक असते, आणि चूक दुरुस्त करता येते.

मी जास्त लावला. एकदा ढोलकीवर लावला, आणि गाणं बांधून झाल्यावर पुन्हा सगळ्या गाण्यावर लावला. हिरामणभाऊंनी बजावलं होतं की गाणं डीजेवर वाजलं पाहिजे, दुसऱ्या गाण्यांपुढे बारीक पडता कामा नये. मी नागपूरच्या एका स्टुडिओत काही महिने वायरी गुंडाळत जे पाहिलं तेवढंच माझं शिक्षण. गावात मात्र साउंड इंजिनिअर म्हणून मिरवत होतो. नावाजलेली पार्टी पहिल्यांदाच माझ्या माडीवर चढली होती. मला ते गाणं दणदणीत करायचं होतं. केलं.

आणि त्यात काय झालं? काकांची थाप खाली बसली. त्यांची ती बोटांची कुजबुज वर उचलली गेली, थापेच्या बरोबरीला येऊन बसली. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत जे एरवी कुणाच्या कानी जात नाही तेही वर आलं. काकांचा श्वास. ढोलकीवर वाकून वाजवणारा माणूस तोंडानं श्वास घेतो, माईक हातभर अंतरावर असतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास शोधावा लागतो. माझ्या गाण्यात तो प्रत्येक ठोक्यामागून धापा टाकत येत होता.

हे मला आधी ऐकू आलं होतं का? हो, आलं होतं. म्हटलं, डीजेवर कोण ऐकतोय.

ते सगळे गाणं ऐकायला आले ती दुपार होती. सतरंजीवर हिरामणभाऊ, त्यांचा पुतण्या गजानन, झिलकरी, आणि दाराजवळ भिंतीला टेकून डोमाकाका. काकांनी स्वतःची ढोलकी अशी बाहेरून, नीट बसून, कधी ऐकलीच नव्हती. मंडईत कुणी मोबाईलवर काढलेलं काहीबाही ऐकलं असेल, तेवढंच. अंगात धुतलेला सदरा होता. मी गाणं लावलं. हिरामणभाऊंनी मांडीवर थाप मारली, काय दणका आहे म्हणाले. गजानन मान डोलवत होता. मी कौतुक पीत होतो, आणि काकांकडे पाहत होतो.

काकांची मान हलत नव्हती. ते दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहत होते. शेवटच्या ओळीआधीची ती जागा आली. ढोलकी खाली गेलीच नाही. मग थाप आली, म्हणजे येऊन गेली, कुणाला कळलंही नाही.

गाणं संपल्यावर काका म्हणाले, "बाबू, हे मीच वाजवून राहिलो का?"

"तुमीच तं होय, काकाजी."

"आन मंग हा धापा टाकून राहिला तो कोन?"

झिलकऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. वय झालं आता डोमाजी, असं हिरामणभाऊ सहज बोलून गेले. सहजच. त्या माणसाच्या मनात तेव्हा तरी काही नसावं. काका हसले नाहीत. त्यांनी मला पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मी लावलं. या खेपेला तो श्वास आणखीच मोठा वाटत होता. गाणं संपलं, काका सतरंजीवरून पुढे सरकले आणि माझ्याकडे बघून विचारलं, अगदी हळू, बाकीच्यांना कळू नये असं —

"मशीननं काही केलं का बाबू? का माहा हातच असा वाजते आता?"

माऊस माझ्या हाताखाली होता. त्या कम्प्रेसरला पडद्यावर एक बारकं बटण असतं. ते दाबलं की कम्प्रेसर बाजूला होतो आणि वाजवलं तसं ऐकू येतं. एक बटण ढोलकीवरचं, एक सगळ्या गाण्यावरचं. दाबून फक्त इतकंच म्हणायचं होतं, काकाजी, माझा हात जड पडला, आता ऐका. किती वेळ लागला असता? कोण हसलं असतं? हिरामणभाऊ फार तर म्हणाले असते, नीट कर मग.

मी म्हणालो, "मशीन काय करन, काकाजी. जे वाजवलं तेच ऐकू येते."

बस. हेच ते वाक्य.

काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग हिरामणभाऊंना म्हणाले की सप्पा, सगळेच्या सगळे ठोके एकसारखे पडून राहिले, हलका हात राह्यलाच नाही, आपल्याले समजलंच नाही केव्हा गेला तो. हिरामणभाऊ नाही नाही म्हणत होते, पण कसं, तर चहाला नको म्हणतात तसं. गजानन जमिनीकडे बघत होता. काका जिन्यानं खाली उतरले, त्यांचा हात कठड्यावर होता. मी तो कठड्यावरचा हात पाहिला. एरवी ते कठडा धरत नसत.

तुम्ही म्हणाल, खोटं बोललास खरं, पण दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं होतं. मीही स्वतःला तेच सांगत होतो. उद्या जाईन. त्यांचं घर तलावाकडे, माझ्या माडीच्या जिन्यावरून छप्पर दिसतं. गाणं मोबाईलमोबाईलवर पसरत गेलं, लग्नांत वाजायला लागलं, आणि जसजसं वाजत गेलं तसतसं ते सांगणं अवघड होत गेलं. आता सांगायचं म्हणजे गाणंच बिघडलेलं आहे असं सांगायचं. तेही मीच.

बाजाराच्या दिवशी काकू दुकानाशी आल्या. काकांच्या घरच्या. भाजीची पिशवी पायरीवर ठेवून खालूनच मला हाक मारली. मी उतरलो. त्या फार बोलणाऱ्या बाई नव्हेत. म्हणाल्या, काका आता मागच्या खोलीत दार लावून वाजवतात. एक हात तोंडावर ठेवतात, दुसऱ्यानं वाजवतात. नाहीतर श्वास धरतात आणि दोन्ही हातांनी वाजवतात, डोळे लाल होईपर्यंत. मग ठसका लागतो, मग ढोलकी ठेवून देतात. दवाखान्यात छाती दाखवली, डॉक्टर म्हणे काही नाही.

"तुमी सांगा ना त्याईले, बाबू," त्या म्हणाल्या. "का हात बेस आहे म्हना. तुमचं आयकतीन."

सांगतो म्हणालो. काळजी करू नका म्हणालो. पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली, इतका मी भला माणूस. त्या गेल्या आणि मी वर येऊन एका उमेदवाराचं गाणं बांधत बसलो.

गेलो नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेच्या आधीच काकांनी ढोलकी गजाननच्या हवाली केली. हिरामणभाऊंनी राहा म्हणून आग्रह केला, असं ते सांगतात. केला असेल. काका म्हणाले, लोकांसमोर धापा टाकत बसण्यापेक्षा लोकांत बसून ऐकलेलं बरं. त्यानंतर त्यांनी ढोलकीला हात लावलेला कुणी पाहिला नाही. घरीही नाही, काकूंनी सांगितलं.

इथवर सांगून थांबलो असतो तर तुम्ही मला भित्रा म्हणाला असता, आणि मीही ते आनंदानं कबूल केलं असतं. भित्रा असणं काही फार वाईट नाही, निम्मं गाव भित्रं आहे. पण मी त्या दुपारी घाबरून बोललो नाही. हेच तर सांगायचं टाळत इतका वेळ इकडचं तिकडचं बोलतोय — स्टुडिओ, बांधी, फळी.

मी शाळेत असताना काकांकडे ढोलकी शिकायला जात होतो. संध्याकाळी, त्यांच्या ओसरीवर. माझं वेड होतं ते. जेवताना ताटलीवर बोटं, वर्गात बाकावर बोटं. मला मंडईत उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं. काकांनी जीव लावून शिकवलं, पैसा घेतला नाही, रागावले नाहीत. आणि एका संध्याकाळी, ओसरीवर पार्टीतले लोक बसलेले असताना, मी वाजवून थांबलो तेव्हा ते म्हणाले, "तुले ताल समजते बाबू. पन तुले हात नाही. सप्पा ठोके एकाच वजनाचे. तू दुसरं काही पाय."

प्रेमानंच म्हणाले. खरंही होतं ते. मला हात नाही, मला ते आज तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. पण लोक बसले होते हो. मी उठलो, चप्पल घातली, आणि घरापर्यंत कान तापलेले होते. त्यानंतर मी ढोलकीला शिवलो नाही. माईकच्या धंद्यात पडलो तोही बहुतेक त्यामुळेच — वाजवता येत नाही तर वाजवणाऱ्यांना पकडून ठेवू.

आता लक्षात आलं? त्या दुपारी स्पीकरमधून जे वाजत होतं ते काय होतं? सगळे ठोके एकाच वजनाचे. तो माझा हात होता. मी माझा हात डोमाकाकांच्या मनगटाला लावून दिला होता — आधी नकळत, चुकीनं, हे मी शपथेवर सांगेन. पण काकांनी जेव्हा विचारलं, का माहा हातच असा वाजते आता, तेव्हा मला सगळं स्वच्छ कळलं. आणि छातीत एक गोड कळ आली. गोड. मला दुसरा शब्द सापडत नाही. लोक बसले होते, आणि आता काकांचे कान तापत होते. मी बटण पाहिलं. माझं बोट माऊसवर होतं. मी ते उचलून मांडीवर ठेवलं आणि ते वाक्य बोललो.

ती कळ जिन्यावरचा त्यांचा हात दिसेपर्यंत टिकली. तेवढीच. पण होती.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पुसलेलं नाही. कधीकधी माडीवर कुणी नसलं की मी ते लावतो, नुसती ढोलकी, दोन्ही बटणं दाबून. काका खाली खाली जातात, माझा हात आपोआप आवाज वाढवायला पुढे होतो, आणि मग ती थाप येते. दर वेळी दचकतो. श्वास कुठेही ऐकू येत नाही. पेन ड्राइव्हमध्ये भरून तलावाकडे चालत जायचं म्हटलं तर विडी ओढून होईपर्यंत पोचेन.

यंदा करडीला मंडईत हिरामणभाऊंचा खेळ होता. मीही गेलो होतो. गजानन ढोलकीवर. तो काकांकडे शिकला नाही, त्याला काका शिकवायला तयारच नव्हते. म्हणाले, माझ्याकडून चुकीचं घेशील. तो गाण्यावरून शिकला. माझ्या गाण्यावरून, मोबाईल कानाला लावून, ठोक्याला ठोका. त्यामुळे तो अगदी तसंच वाजवतो. शेवटच्या ओळीआधी ढोलकी खाली जात नाही, थाप कुठली ते कळत नाही, सगळं एकसारखं दणदणीत. पाळणेवाल्याचा भोंगा चालूच राहिला. पोरं रडत राहिली. आणि लोक खूश होते, गाण्यात वाजते तसंच वाजवते म्हणत होते.

डोमाकाका गर्दीच्या कडेला एका पोत्यावर बसले होते. मला पाहून सरकले, जागा केली. मी बसलो. दुसरं काय करणार? खांद्याला खांदा लागत होता. त्यांचा श्वास मला ऐकू येतो का म्हणून मी कान दिला — नव्हता येत, इतक्या जवळून नव्हता येत. खेळ रंगात आला होता. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, आणि शेवटची ओळ जवळ आली तशी त्यांची बोटं धोतरावर हलायला लागली. स्वतःच्या नकळत. हलकी, आणखी हलकी, कापड हलत होतं की नाही तेही कळेना. मी त्या बोटांकडे बघत होतो. हात होता तसाच होता. कुठे गेला नव्हता.

तिकडे गजाननची थाप येऊन गेली. इकडे बोटं थांबली, तळवा उचलला गेला, आणि त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवून दिला.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बेस वाजवते पोट्टा. शेवटी शेवटी माह्या हातून असंच वाजत होतं. बाकीचे सप्पा तोंडावर गोड बोलत होते. तू एकटा खरं बोलला, बाबू."

मी म्हणालो, "हो, काकाजी."